पांढऱ्याचा दुसरा हात

पेंटर पडले ते अडीच फुटांवरून. चाळीस वर्षं चौथ्या मजल्याच्या परांचीवर एका हाताने बांबू आणि दुसऱ्या हाताने ब्रश धरून उभा राहिलेला माणूस पडायचाच होता, तर निदान ऐकणाऱ्याच्या तोंडून "अरेरे" निघेल एवढ्या उंचीवरून तरी पडायला हवा होता. पण ते पडले स्वतःच्याच स्वयंपाकघरात, घोडीच्या दुसऱ्या पायरीवरून, आणि तेही रंग लावताना नव्हे, दिवा बदलताना. घोटा मोडला. भेटायला येणारा प्रत्येक जण मोठ्या आशेने "कुठून पडलात?" म्हणून विचारायचा आणि उत्तर ऐकून हिरमुसला होऊन चहाकडे वळायचा.

प्लास्टर निघालं त्या दिवशी लेकीने फर्मान काढलं. लेक दहा वर्षं बापाच्या हाताखाली तयार झालेली; आता आठ कारागीर, दोन गाड्या आणि सगळं काम तीच बघायची.

"बाबा, आजपासून ब्रश बंद."

"अगं, मी घोडीवरून पडलो. ब्रशवरून नाही."

"तुमच्या हातात ब्रश आला की पाय आपोआप घोडीकडे वळतात. दोन्ही बंद."

आणि घरातले अठराच्या अठरा ब्रश कापडात गुंडाळून ती गोदामात घेऊन गेली. कुलूप लावून आली. पेंटरांनी बायकोकडे पाहिलं. बायको त्या वेळी मन लावून वाटाणे सोलत होती.

बायको म्हणजे सिस्टर. प्रसूतिगृहात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे रस्त्यात नमस्कार यायचे ते सगळे त्यांना. पेंटरांची ओळख "सिस्टरांचे मिस्टर" एवढीच. त्याचं पेंटरांना कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण त्या निम्म्या माणसांची घरं त्यांनी रंगवली होती आणि रंग बाळापेक्षा जास्त दिवस नवा दिसतो असं त्यांचं मत होतं.

ब्रश गेल्यावर मात्र त्यांचं जगणं अवघड झालं, म्हणजे इतरांचं. दिवसभर खुर्चीत बसून ते छताकडे बघायचे आणि रोलर कुठे अडखळला होता ते सिस्टरांना दाखवायचे. कुणाकडे गेले तर आधी भिंतीवरून तळहात फिरवायचे आणि मग यजमानांकडे वळून हळहळल्यासारखं विचारायचे, "प्रायमर मारला नव्हता ना?" महिन्याभरात बोलावणी बंद झाली.

शेवटी सिस्टरांनीच वाचनालयाच्या फळ्यावरची एक चिठ्ठी वाचून येऊन सांगितलं, "अहो, तिथे वर्ग सुरू होतोय. ब्रशने जपानी लिहायला शिका, म्हणतात. दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी दहाला."

पेंटरांनी त्यातला 'ब्रश' एवढाच शब्द ऐकला आणि चप्पल शोधू लागले. बाकीचे शब्द ऐकले असते, तर ते लिहिणं जपानी आहे हेही त्यांना घरीच कळलं असतं.

ते त्यांना वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसल्यावर कळलं. पण तोवर बाईंनी त्यांच्यापुढे ब्रश ठेवला होता. बाई अंगाने चिमणीएवढ्या, वयाने पेंटरांच्या बरोबरीच्या, आणि जपानात बावीस वर्षं राहून आलेल्या. ब्रश बकरीच्या केसांचा, बोटाएवढा जाड, टोकाला सुईसारखा. पेंटरांनी तो गालावरून फिरवला, तळहातावर दोनदा आपटला आणि केस गळतो का ते पाहिलं. एकही गळला नाही. तिथेच त्यांचं मन बसलं. अशा ब्रशने जपानीच काय, चंद्रावरची भाषा लिहायचीही त्यांची तयारी होती.

"आज आपण रंगाचं अक्षर शिकू," बाई म्हणाल्या. "पांढरा."

पेंटर सावरून बसले. पांढऱ्यात त्यांना कुणी शिकवण्याजोगं काही राहिलं नव्हतं. दुधी पांढरा, चुनखडी पांढरा, हस्तिदंती, मोतिया, दवाखान्याचा आणि कचेरीचा असे सगळे पांढरे ते डोळे मिटून, नुसत्या वासावरून सांगायचे. बाईंनी ब्रश काळ्या शाईत बुडवला, तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"बाई, एक शंका. पांढरा लिहायचाय ना? मग काळ्याने का?"

"शाई काळीच असते, पेंटर."

"म्हणजे लालही काळ्यानेच?"

"लालही."

"आणि काळा?"

"तोही काळ्यानेच."

"चला, एक तरी रंग बरोबर लिहितात."

बाईंनी कागदावर अक्षर काढलं: 白. आधी वर एक छोटी तिरकी रेघ, मग डावीकडची उभी, मग आडवी जाऊन काटकोनात खाली वळणारी, मग मधली आडवी, आणि शेवटी तळाची. पाच फटकारे. पेंटरांना ती दोन तावदानांची खिडकी वाटली, वर कुणीतरी तिरपा खिळा ठोकलेली. खिडक्या रंगवण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता, पण अक्षराचं आणि त्यांचं वैर एवढ्यापुरतंच.

वाचणं सोपं निघालं. बाई म्हणाल्या, "हे एकटं असलं की 'शिरो'. दुसऱ्या अक्षराला जोडून आलं की बहुतेक वेळा 'हाकु'. म्हणजे 'हाकुशी', कोरा कागद. अक्षर तेच, पण सोबत कोण आहे त्यावर नाव बदलतं."

"माझंही तसंच आहे," पेंटर म्हणाले. "एकटा असलो की पेंटर. हिच्याबरोबर निघालो की सिस्टरांचे मिस्टर."

वापरणं तर त्याहून सोपं. "काबे वा शिरोई" म्हणजे भिंत पांढरी आहे. पेंटरांनी ते तिथल्या तिथे पाठ केलं, आणि मग हात वर करून विचारलं की, भिंत अजून पांढरी झालेली नाही, हे कसं म्हणायचं. बाईंनी सांगितलं, "काबे वा मादा शिरोकुनाई." त्यावर पेंटरांचं समाधान झालं. गिऱ्हाइकांशी ते चाळीस वर्षं ही दोनच वाक्यं बोलत आले होते. उरलेली भाषा त्यांना कधी लागलीच नव्हती.

गाडं अडलं लिहिण्यात.

पेंटरांच्या शेजारी दातांचे डॉक्टर बसायचे. तेही निवृत्त. त्यांचं अक्षर सुबक, पण इतकं बारीक की, कागदाच्या मधोमध वाटाणा पडल्यासारखं दिसायचं. आयुष्यभर कुणाच्या तरी मागच्या दाढेत काम केल्याने त्यांच्या हाताला मोकळ्या जागेची भीती वाटायची. बाई त्यांना म्हणायच्या, "डॉक्टर, अक्षराला आ करू द्या." पेंटरांची तक्रार नेमकी उलटी. त्यांचं अक्षर कागदाच्या चारी कडांना टेकायचं आणि एखादी रेघ टेबलावरही जायची. पण ते बाईंना चालत होतं. न चालणारी गोष्ट वेगळीच होती.

पेंटर प्रत्येक रेघ दोनदा काढायचे.

एकदा ब्रश खालपर्यंत नेला की उचलून परत वर आणायचे आणि त्याच रेघेवरून सावकाश, प्रेमाने, दुसरा हात मारायचे. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांना त्यात काही विशेष आहे हेच कळलं नसतं. एक हात मारून निघून जाणाऱ्या माणसाला त्यांच्या धंद्यात पेंटर म्हणत नसत, दुसरं काहीतरी म्हणत, आणि ते वाचनालयात उच्चारण्याजोगं नव्हतं. त्यातून पांढरा. पांढऱ्याला दोन हात म्हणजे किमान. जुनी भिंत तीनही मागते. त्यामुळे बाईंच्या पाच फटकाऱ्यांचा 'शिरो' पेंटरांकडे दहांचा व्हायचा, कागद शाई पिऊन फुगायचा आणि मधली आडवी रेघ ओढताना खिडकीला भोक पडायचं.

"एकदाच," बाई म्हणायच्या.

"एकदाच," पेंटर म्हणायचे, आणि बाईंची पाठ वळली की चोरून दुसरा मारायचे.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी पाठ वळवली आणि लगेच पुन्हा फिरवली. पेंटरांचा ब्रश रेघेच्या मध्यावर रंगेहाथ सापडला. डॉक्टरांनी खिडकीबाहेर काहीतरी पाहण्यासारखं आहे असं दाखवलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पेंटरांना गिऱ्हाइकांच्या रागाची सवय होती. त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "पेंटर, कागदाला एकच गोष्ट दोनदा सांगितली की त्याला वाटतं, पहिल्यांदा सांगितली ती खोटी होती. मंगळवारी तुम्ही सगळ्यांसमोर एक 'शिरो' लिहा. एकही रेघ दुसऱ्यांदा गिरवलीत, तर ब्रश माझ्याकडे जमा. तुम्ही तिकडे बसायचं."

तिकडे म्हणजे पेन्सिलीच्या टेबलावर. तिथे चौकटींच्या वह्या होत्या, टोक केलेल्या पेन्सिली होत्या आणि खोडरबर होतं. त्या टेबलावर सध्या फक्त एक आजोबा असायचे, आणि ते वर्ग सुरू झाला की झोपत.

पेंटर घरी आले आणि छताकडे न बघताच जेवायला बसले. जेवताना सिस्टरांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "आधी लेकीने ब्रश घेतले. आता बाई घेणार. वर्षाच्या आत दोनदा ब्रश गेलेला पेंटर पाहिलायस कधी?"

"मग नका ना गिरवू."

"माझ्या हाताला सांग. तो माझं ऐकत नाही."

सिस्टरांनी आपल्या परीने उपचार केला. दुपारी मागच्या ओट्याच्या फरशीवर त्यांनी बाटली धुवायचा जुना ब्रश आणि वाटीभर पाणी मांडलं. पेंटर बसले. पाण्याने पहिली रेघ काढली. हात वर गेला. सिस्टरांनी मनगटावर टिचकी मारली. दुसरी रेघ. टिचकी. पाव तासात मनगट लाल झालं आणि फरशी धुऊन निघाली, पण हात होता तिथेच.

"अहो, पस्तीस वर्षांत मी एकाही बाळाला दोनदा जन्माला घातलं नाही," सिस्टर वैतागून म्हणाल्या. "एकदाच. आलं ते आलं."

"म्हणून तर सगळी रडत येतात. तुमच्यात दुसरा हात मारायची पद्धत नाही."

सोमवारी संध्याकाळी लेक आली. चहाचा पहिला घोट घेते तोच तिचा फोन वाजला. पलीकडे तिचा एक कारागीर होता. लेक दोन मिनिटं नुसती ऐकत राहिली, मग म्हणाली, "थांब. पहिला मारला कधी? आणि दुसरा? अरे, मग फुगे येणार नाही तर काय येणार? ओल्यावर ओला मारतात का? पहिला वाळू द्यायचा. हाताला खाज सुटली तर हात खिशात घालून उभं राहायचं. दुसरा उद्या."

फोन ठेवून तिने पाहिलं तर पेंटर तिच्याकडे टक लावून बघत होते.

"काय झालं, बाबा?"

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. माझ्या पहिल्याच दिवशी. खिशाचंसुद्धा तुमचंच आहे."

त्या दिवशी पेंटरांनी आमटी दोनदा मागून घेतली. सिस्टरांनी ती दुसऱ्यांदा वाढली, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

मंगळवारी पेंटर दहाच्या आधी वर्गात हजर होते. त्यांनी शाई स्वतः घोटली, फडक्याच्या तुकड्यातून गाळली, ब्रश भिजवला आणि कागदाच्या चारी कडांना चिकटपट्टी लावली. बाई येऊन समोर उभ्या राहिल्या. डॉक्टर आपला कागद सोडून त्यांच्या मागे आले. पेन्सिलीच्या टेबलावरचे आजोबाही जागे झाले. कदाचित नवा शेजारी कसा आहे ते बघायचं असेल.

पेंटरांनी छोटी तिरकी रेघ मारली. हात वर जायला निघाला. त्यांनी तो तसाच पुढे नेला आणि डावीकडची उभी रेघ ओढली. मग तिसरी. आडवी गेली ती झोकात गेली, पण वळून खाली येता येता ब्रशमधली शाई संपत आली आणि रेघ फाटत गेली. काळ्यामधून कागदाचे पांढरे पट्टे सरळ वर आले. पेंटरांच्या भाषेत सांगायचं तर, भिंत दिसत होती. दिवसाढवळ्या, चार माणसांदेखत त्यांनी मारलेल्या हातातून भिंत दिसत होती, आणि त्यांना तिथे ब्रश टेकवायची बंदी होती. नव्याने शाई घेऊन त्यांनी मधली आडवी ओढली, तळाची ओढली, ब्रश आडवा ठेवला आणि उठून उभे राहिले. मग दोन्ही हात विजारीच्या खिशात घातले.

खिशातले हात मात्र बाहेरूनही हलताना दिसत होते.

"झालं?" बाईंनी विचारलं.

इथे "झालं" म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण कामाच्या बाबतीत पेंटर कधी खोटं बोलले नव्हते.

"पहिला हात झाला," ते म्हणाले.

"आणि दुसरा?"

"शनिवारी. वाळल्यावर."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. बाई कागदावर वाकल्या. मग त्यांनी त्या फाटलेल्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे बघितलंत, पेंटर?"

"बघितलं. दिसतंय ते सगळ्यांना. मी शनिवारी तेच आधी घेणार आहे."

"याला हिहाकु म्हणतात. हाकु तोच, आपला पांढरा. त्याच्याआधी 'हि', म्हणजे उडणं. उडता पांढरा. ब्रश भरभर गेला की रेघेतून कागद असा उडत वर येतो. तिकडे लोक वर्षानुवर्षं घासतात, तेव्हा कुठे ते असं सुटतं."

"आमच्याकडे दोन दिवसांत जमतं," पेंटर म्हणाले. "मी कितीतरी माणसं त्याच्यासाठी कामावरून काढलीत."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आत ठेवलं. "ठीक आहे. कागद इथेच राहील. शनिवारी तो वाळलेला असेल, शाई असेल, ब्रश असेल. तुम्ही ठरवा. माझी अट तीच आहे."

मधले तीन दिवस पेंटर शहाण्यासारखे वागले, आणि सिस्टरांनी त्यामुळेच दोनदा त्यांचा रक्तदाब तपासला.

शनिवारी कागद टेबलावर होता. पेंटरांनी खिशातून हात काढले. आधी ते कागदापासून चार पावलं मागे गेले, मग जवळ आले. मग दुखऱ्या घोट्याला सांभाळत गुडघ्यांवर बसले, डोळा टेबलाच्या कडेशी आणला आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात कागद तिरका न्याहाळला. भिंत पास करायची त्यांची हीच रीत होती. या रीतीसमोर भलेभले ठेकेदार घामाघूम झालेले होते. शाई कागदात सारखी बसली होती. कडा कुठे पसरल्या नव्हत्या. रेघ वळली होती तिथे ब्रश जरा टेकला होता, मग सुटला होता, आणि खाली जाताना वेग वाढला होता, हे सगळं तिथे दिसत होतं. चाळीस वर्षांत त्यांनी मारलेल्या कुठल्याही भिंतीवर हात कुठे थांबला आणि कुठे धावला ते दिसलं नव्हतं. दिसूच नये म्हणून तर ते दुसरा मारायचे.

त्यांनी ब्रश शाईत बुडवला, निथळला आणि फाटलेल्या रेघेवर आणला. टोक कागदापासून नखभर वर थांबलं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "दुखणार नाही. सोडून द्या."

पेंटर बघत राहिले. मग ब्रश मागे घेतला आणि ठेवून दिला.

"नाही," ते म्हणाले. "आता हात लावला तर पॅच दिसेल. एवढ्याशा जागेसाठी सगळं काम जाईल. राहू द्या असंच."

बाईंनी विचारलं, "म्हणजे झालं?"

पेंटरांनी आणखी एकदा, खात्रीसाठी, कागद तिरका पाहिला.

"झालं."

बाईंनी तो कागद गुंडाळून त्यांना दिला आणि त्याबरोबर ब्रशही दिला, घरी सरावासाठी. तो त्यांनी घरापर्यंत हातातच धरला. वाटेत सिस्टरांचं कौतुक करणारी तीन माणसं भेटली; तिघांनाही तो दाखवून झाला.

संध्याकाळी लेक आली तेव्हा पेंटर खोलीत फरशीवर वर्तमानपत्र अंथरून, मांडी घालून, लिहीत बसले होते. तिने आधी ब्रश पाहिला, मग आईकडे पाहिलं.

"जमिनीवर बसलेत," सिस्टर म्हणाल्या. "आणखी खाली पडायला जागाच नाही."

लेकीने थोडा विचार केला आणि ते मान्य केलं. मग तिची नजर भिंतीला टेकवून ठेवलेल्या कागदावर गेली. ती जवळ गेली, खाली बसली, मान वाकडी केली, कागद तिरका पाहिला आणि अगदी त्याच जागी बोट नेलं.

"बाबा, इथे भिंत दिसतेय. दुसरा हात राहिला का?"

पेंटरांना पोरीचा इतका अभिमान वाटला की, त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"राहिलेला नाही, ठेवलाय. त्याला हिहाकु म्हणतात. उडता पांढरा. तिकडे त्याच्यासाठी वर्षं घालवतात."

लेक ते नाव दोनदा पुटपुटली. कागदाकडे पुन्हा पाहिलं, आणि या खेपेला जरा जास्त वेळ पाहिलं.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "पण एक करा. आपल्या कारागिरांना हे नाव सांगू नका. उद्यापासून एकेक भिंत हिहाकुच निघेल."

पेंटरांनी मान डोलावली आणि कोरा कागद पुढे ओढला. कारागिरांपैकी दोघे त्यांना घराच्या कोपऱ्यावरच भेटले होते, आणि तो कागद त्यांना नावासकट दाखवून झाला होता.